अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कॉकसला (पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार निवडायला भरणाऱ्या स्थानिक सभेला) कुणी गेलंय का?

प्रश्न: प्रायमरीत, म्हणजे उमेदवार निवडायच्या दुसऱ्या पद्धतीत, गुप्त मतदान, हे कळलं. पण २०२० ला आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाने माणसं उभी करून मोजली, ते कसं?

उत्तर: मी होते, ३ फेब्रुवारीला, डे मॉइनच्या एका शाळेच्या जिममध्ये. नागरिकत्व मिळाल्यावरचं माझं पहिलंच कॉकस. उमेदवारीच्या शर्यतीतल्या एलिझाबेथ वॉरन यांच्या समर्थकांच्या कोपऱ्यात उभी राहिले. जमलेल्यांच्या १५ टक्क्यांखालच्या गटाला तेव्हा दुसऱ्या गटात जाता यायचं. शेजारच्या आजी त्यातल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. माझं तर काळीजच हललं.

प्रश्न: म्हणजे मत सगळ्यांना दिसायचं?

उत्तर: हो, आणि मला ते आवडलं. पण रात्रपाळीतल्या मैत्रिणीला येता आलं नाही, ते अजून सलतं. २०२४ ला पक्षाने टपालाने पसंतीची कार्डं घेतली, बरं झालं.