कार्यालयातील भाजी-लागवडीची स्पर्धा: निकाल कसा लावावा?

प्रश्न – गच्चीकर

नमस्कार मंडळी. आमचे कार्यालय अंधेरीच्या एमआयडीसीत आहे. दिवाळीनंतर कर्मचाऱ्यांसाठी भाजी पिकवण्याची खेळीमेळीची स्पर्धा घ्यावी असे ठरत असून, मागच्या वसाहतीतील रहिवाशांनाही तीत सामील करून घ्यायचे आहे. जागा म्हणजे इमारतीची गच्ची, आणि तिचा बराचसा भाग दुपारनंतर पाण्याच्या टाकीच्या सावलीत जातो. अडचण आहे ती निकालाची. वजनावर क्रमांक द्यावेत, तर दुधी लावणाऱ्यापुढे मेथी लावणाऱ्याचा निभाव कसा लागणार? शनिवार-रविवार कार्यालय बंद असते, तेव्हा पाण्याचे काय करावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर – माटुंगेकर

सर्वांना एकच भाजी, एकाच पाकिटातले बी आणि एकाच मापाची कुंडी द्यावी. निम्मे वाद तिथेच मिटतात. माझे मत मुळ्याला आहे. तो साधारण दीड महिन्यात काढणीला येतो. टोमॅटोला रोप लावल्यापासून दोन-अडीच महिने लागतात आणि तोवर लोकांचा उत्साह ओसरतो. शिवाय मुळा जमिनीखाली वाढतो, त्यामुळे पाल्याकडे पाहून कोणालाच निकालाचा अंदाज बांधता येत नाही, आणि स्पर्धेची खरी गंमत त्यातच आहे.

कुंडी किमान एक फूट खोल असावी. बी टोचल्यानंतर आठ-दहा दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत चार बोटे अंतर ठेवावे. उगवलेले रोप उपटायला नवशिक्यांचा हात धजत नाही, पण दाटी तशीच राहिली तर नुसता पाला माजतो आणि खाली शेपटीएवढे मूळ निघते. शेणखत पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या खताने किंवा मातीतल्या खड्यांनी मुळ्याला फाटे फुटतात.

गुण देताना निम्मे वजनाला ठेवावेत आणि उरलेले सरळपणा, न तडकलेली साल व आतला गर यांना द्यावेत. परीक्षकांनी प्रत्येकाचा एक मुळा सर्वांसमक्ष मधोमध कापावा. वजन वाढावे म्हणून काढणी लांबवणाऱ्याचा मुळा जून होऊन आतून पोकळ निघतो आणि लबाडी आपोआप उघडी पडते! सावलीवर उपाय सोपा आहे: दर सोमवारी सगळ्या कुंड्या एकेक जागा पुढे सरकवाव्यात.

उत्तर – कोळीवाडा

माटुंगेकरांचा मुद्दा निकालापुरता पटतो, पण एकाच भाजीची सक्ती मला रुक्ष वाटते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचे जे वार्षिक प्रदर्शन भरते, त्यात फुले, फळे आणि भाज्या वेगवेगळ्या विभागांत मांडलेल्या असतात. तुम्हीही पालेभाजी, फळभाजी आणि कंद असे गट करू शकता. ज्यांनी कधी बीसुद्धा पेरलेले नाही, त्यांच्यासाठी समुद्रमेथीची सराव फेरी ठेवावी. पसरट ट्रेमध्ये धुतलेल्या रेतीचा थर देऊन मेथीदाणे दाट पेरले की दहा-बारा दिवसांत जुडी बांधण्याजोगी होते. बाजारात मिळते तशीच, मुळांसकट.

आणि कार्यालयाच्या गच्चीवर हे जमेल का, अशी शंका व्यवस्थापनाने काढलीच, तर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीचे उदाहरण द्यावे. तिथे स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून त्यावर भाज्या आणि फळझाडे वाढवली गेली.

उत्तर – ओलावा

गच्चीची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून लिहितो. ओल्या मातीचे वजन लीटरमागे दीड किलोच्या वर जाते, म्हणजे वीस लीटरची एक कुंडी तीस किलोंची होते. निम्मे कोकोपीट आणि निम्मे कंपोस्ट घेतल्यास हे ओझे बरेच हलके होते. कुंड्या कठड्यालगत, खाली तुळई असेल अशा बाजूला आणि विटांवर ठेवाव्यात, म्हणजे जलरोधक थर कुजत नाही. गच्ची जुनी असेल, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय सुरुवात करू नये.

सुट्टीच्या दिवसांसाठी सुती वात पुरते. तिचे एक टोक झाकणबंद बाटलीतल्या पाण्यात आणि दुसरे मातीत खोल खोचावे. शुक्रवारी संध्याकाळी कुंडी भिजवून वात लावली की सोमवार सकाळपर्यंत ओल टिकते. कुंड्यांखाली ताटल्या मात्र ठेवूच नयेत. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात अंड्यातून बाहेर पडून उडू लागतो, आणि पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसे आली की नोटीस व्यवस्थापनाच्या नावे निघते.

गच्चीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुख्य स्पर्धा मुळ्याची आणि त्याआधी समुद्रमेथीची सराव फेरी, असा प्रस्ताव उद्या मांडतो. परीक्षक म्हणून आमच्या कॅन्टीनच्या मावशींचे नाव सुचवणार आहे, कारण मुळा आतून कसा निघेल हे त्या पाल्यावरूनच ओळखतात. वसाहतीतील मंडळींनी कुंड्या घरीच ठेवल्या, तर ऊन सारखे मिळणार नाही. त्यांचा गट वेगळा करावा की त्यांनाही गच्चीवरच जागा द्यावी?

माटुंगेकर

गच्चीवरच द्यावी. रविवारी पाणी घालायला माणसेही मिळतील.