मदत हवी आहे: एअर रायफलचा ट्रिगर खोलून परत बसवला, आता स्क्रू किती आवळायचे?

नमस्कार मंडळी. मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. रायफल जर्मन बनावटीची पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी, पण सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे मॅन्युअल नाही. ट्रिगर अडकल्यासारखा चालायचा म्हणून इथे नागपुरातच एका दुरुस्तीवाल्याला दाखवली. त्याने युनिट काढलं, साफ केलं, परत बसवलं, आणि तेव्हापासून घरात रोजची कटकट.

सुरुवातीचे शॉट बरे जातात. मग पहिली स्टेज, म्हणजे ट्रिगरची सुरुवातीची हलकी ओढ, संपल्यावर जिथे बोट थांबायला हवं ती जागाच सरकते. पोरगी वैतागून म्हणते, "बाबा, हा रोज वेगळ्याच ठिकाणी अडून राहिला." रायफल उलटी करून पाहिली तर युनिट धरणारे दोन्ही एलन स्क्रू नुसत्या बोटाने फिरतात. आवळले की काही दिवस ठीक, पुन्हा तेच.

जोर लावून आवळायची हिंमत होत नाही, कारण बॉडी ॲल्युमिनियमची आहे. स्कूटरच्या इंजिन ऑइलचा बोल्ट मेकॅनिकने पान्याला लोंबकळून आवळला आणि आटे गेले, हे डोळ्यांनी पाहिलंय. तर, जाणकारांनी सांगावं: नेमकं किती आवळायचं? लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावायचं का? मे महिन्यात रायफल कारच्या डिकीतून जाते, इकडचा पारा ४५ च्या घरात. त्या उन्हानेच ढिले होतात का? आणि ट्रिगरच्या आसपास ते बिनडोक्याचे बारीक स्क्रू असतात, तेही एकदाचे गच्च करून टाकू का?

हिंगण्याचा फिटर:
भाऊ, एवढा काय विचार करता! आम्ही मशीनवर लाल लॉकटाइट लावतो. बापजन्मात सुटत नाही.

दहा पॉइंट नऊ:
फिटरभाऊ, तेच तर नको आहे. लाल म्हणजे २७१ सोडवायचं तर स्क्रू अडीचशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. ट्रिगर युनिटला ब्लो टॉर्च दाखवणार का? बारीक स्क्रूंसाठी जांभळं २२२ असतं, ते साध्या हत्याराने सुटतं. पण दादा, लॉकटाइट सगळ्यात शेवटी. आधी तुमचा शेवटचा प्रश्न, कारण तो धोक्याचा आहे.

त्या बिनडोक्याच्या स्क्रूंना हात लावू नका. ते धरून ठेवायचे स्क्रू नाहीत, जुळवणीचे आहेत. एकावर पहिल्या स्टेजचं वजन, एकावर दुसऱ्या स्टेजचं, एकावर ट्रिगर किती मागे जाईल ते; काही मॉडेलमध्ये सीअरची, म्हणजे कॉक केलेली यंत्रणा अडवून धरणाऱ्या खटक्याची, पकडही तशाच स्क्रूवर असते. त्यांना ढिलं-घट्ट नसतं, फक्त जागा असते. 'गच्च' केलात तर सीअर केसभर पकडीवर उभा राहील आणि रायफल टेबलावर ठेवताना सुटेल. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम ट्रिगरचा नियम आहे, एअर रायफलला तसा नाही, म्हणून तिथे कोणी वजन लटकवून तुमची चूक पकडणार नाही. दुरुस्तीनंतर रेंजवर छर्रा न घालता, नळी लक्ष्याकडे ठेवून कॉक करा, बोट बाहेर ठेवा आणि बटाला तळहाताने दोन-चार ठोसे द्या. आपोआप सुटली तर तिने खेळायचं नाही, विषय संपला.

आता ते दोन स्क्रू. दोन्ही काढून शेजारी शेजारी उभे करून बघा. पुष्कळ युनिटमध्ये त्यांची लांबी वेगळी असते. अदलाबदल झाली की लांब स्क्रू बंद भोकाच्या तळाला टेकतो. हाताला वाटतं आवळला, पण युनिटवर दाब काहीच नाही. ओळखायची खूण म्हणजे तो हळूहळू जड होत नाही, फिरता फिरता एकदम 'टक' करून थांबतो. वारंवार ढिलं होण्यामागे मला आधी हाच संशय येतो, नाहीतर युनिटखाली राहिलेला कचरा.

किती आवळायचं? मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर मिळालं तर तोच आकडा खरा. तोवर ॲल्युमिनियमच्या आट्यांत एम४ ला (४ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला) मी दीड न्यूटन मीटरच्या पुढे जात नाही, एम३ ला एकच्या आत. टॉर्क ड्रायव्हर नसेल तर बॅगा तोलायचा हुकवाला काटा घ्या, एलन कीच्या लांब दांड्यावर स्क्रूपासून ५ सेंटीमीटरवर अडकवा आणि काटकोनात ओढा. ३ किलो दिसले की झाले दीड न्यूटन मीटर. दोन्ही स्क्रू आधी बोटाने टेकवा, मग आळीपाळीने थोडे थोडे. की मात्र मापाची हवी: २.५ मिलिमीटरच्या खाचेत ३/३२ इंचाची कीही जाते, पण ढिली, आणि खाच गोल करून टाकते.

ऊन बिचारं निर्दोष आहे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे तापल्यावर पकड उलट वाढते. लाकडी स्टॉकचे स्क्रू ऋतूप्रमाणे ढिले होतात, ती गोष्ट वेगळी. पण २०० बार भरलेला सिलिंडर मेच्या डिकीत? या काकांना हार्ट अटॅक देऊ नका.

धागाकर्ता:
काका, पाय कुठे आहेत तुमचे! पुढचा स्क्रू चांगला दोन मिलिमीटर लांब निघाला. त्याची जागा मागची होती, आणि अगदी 'टक' करूनच थांबत होता. आता दोन्ही आपापल्या भोकात आहेत, काट्याने आवळलेत. इतवारीत जांभळं मिळालं नाही, दुकानदार निळं गळ्यात मारत होता. निळं चालेल का?

दहा पॉइंट नऊ:
दाब नीट बसत असेल तर आत्ता काहीच लावू नका. स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीवर येईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. सरावानंतर रेघ तुटलेली दिसली तरच जांभळं मागवा. तेही आटे स्पिरिटने पुसून, सुकवून, एकच थेंब, आणि पुढचे २४ तास ट्रिगरला बोट नाही. थेंब सीअरकडे ओघळला तर नवीन दुखणं.

धागाकर्ता:
रेघ ओढली. गुलाबी, घरात तीच होती. पोरगी बोलत नाहीये माझ्याशी.