मदत हवी: बाजाराच्या चित्राची पेस्टलमध्ये नक्कल करतेय, सावल्यांचा चिखल होतोय

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. शाळेतल्या तेलखडूंनंतर एकदम आता, पन्नाशी ओलांडल्यावर, सॉफ्ट पेस्टल हातात घेतलेत. ज्या गावात देवळालीकर मास्तरांची चित्रशाळा होती, चित्रकार बेंद्रे शिकले, तिथे राहून हे विचारायला जरा लाजच वाटते. पण अडलंय.

नक्कल करतेय ती फ्रेंच चित्रकार लेओं लेर्मितच्या 'ले आल'ची, म्हणजे पॅरिसच्या जुन्या घाऊक बाजाराच्या १८९५ सालच्या चित्राची. मूळ चित्र तैलरंगातलं आणि प्रचंड मोठं, पण हा माणूस पेस्टलमध्येही मुरलेला होता, म्हणून म्हटलं चालेल. भाजीचे ढीग, टोपल्या, ओझी उचलणारी माणसं बघून मला आमची पहाटेची भाजीबाजाराची चोइथराम मंडीच आठवली. पुढे ती काढायची आहे, तोवर हा गृहपाठ. सगळं चित्र झेपणार नाही, म्हणून खालचा एक तुकडा चौकटी आखून मोठा केलाय.

उजेडातली भाजी बरी जमली. घोळ आहे तो माणसांच्या मधल्या अंधारात. आधी काळा लावला, वर तपकिरी, वर निळा, दर वेळी बोटाने घासून. आता तिथे राखेसारखा एकच रंग झालाय आणि खडू नुसता घसरतो. फिक्सेटिव्ह (भुकटी कागदाला धरून ठेवणारा फवारा) मारलं तर भाजीही काळवंडली! कागद साधा कार्ट्रिज, म्हणजे नेहमीचा चित्रकलेचा, इथल्या खजुरी बाजारातून आणलेला. चूक कागदाची, की माझी?

प्रतिसाद (खडूधूळ, बडोदा):
ताई, दोघांची थोडी थोडी. आधी बोट आवरा. सॉफ्ट पेस्टल म्हणजे जवळजवळ नुसती रंगाची भुकटी, चिकटवायला डिंक नावापुरता. घासलं की कागदाची खरखर बुजते, मग वरचा थर धरायला जागाच उरत नाही. कार्ट्रिजला खरखर मुळात कमी. पेस्टलचाच कागद घ्या, करडा नाहीतर तपकिरी. सावलीचं निम्मं काम तोच करतो.

काळा डबीत ठेवा. गर्द निळा, त्यावर गर्द तांबूस, वाटलं तर गर्द हिरवा. तिरप्या रेघांनी, हलक्या हाताने, खालचा रंग मधून दिसत राहील असा. आणि डोळे किलकिले करून मूळ चित्र बघा. अंधारातली तीन माणसं मिळून एकच डाग दिसतोय ना? मग तो एकच डाग काढा, नंतर टोपीची कड, खांदा, एवढंच उजळा. आपण नाकडोळे काढायला जातो आणि फसतो. (हे मी दोन वर्षं केलंय.)

फिक्सेटिव्हने रंग गडद होतातच. मारायचं तर मधल्या थरावर, लांबून. शेवटचे उजळ फटकारे त्यानंतर, आणि त्यांच्यावर पुन्हा फवारा नाही. कागद टाकू नका. बोर्ड उभा धरून राठ ब्रशने सावलीतली भुकटी झाडा. फुंकर मारू नका, सगळं नाकात जातं.

मूळ लेखिका:
झाडलं. खाली माझ्या पेन्सिलीच्या चौकटी पुन्हा दिसायला लागल्या! फवारलेला भाग मात्र हलत नाही. निळा धरतोय, थोडा. आता एक सांगा, गर्द रंगांचे खडू सुटे मिळतात का? माझ्या २४ च्या डबीत गर्द म्हणावेत असे जेमतेम चार आहेत, बाकी सगळे गुलाबी नि पोपटी.