मायट्रलचा मर्मर मलाच का ऐकू येत नाही?

मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काल वॉर्डात मायट्रल स्टेनोसिसच्या (हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेल्या) एक मावशी होत्या. सगळ्यांना मर्मर, म्हणजे हृदयाचा जादाचा आवाज, ऐकू आला, मला नुसतं लब-डब. काय चुकतंय?

— स्टेथोस्कोपचा डायाफ्राम, म्हणजे सपाट बाजू, लावलास ना? ही गुरगुर अगदी खालच्या पट्टीतली असते. बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, लाव, तीही अलगद. दाबलीस की खालची कातडी ताणली जाऊन तिचाच डायाफ्राम होतो. मावशींना डाव्या कुशीवर वळव, श्वास सोडून थांबायला सांग, एपेक्सवर (हृदयाच्या टोकाशी) ऐक. मला पहिल्यांदा सापडली ती रात्री, पंखा बंद केल्यावर.

— इअरपीस पुढे, नाकाच्या दिशेने वळलेले हवेत. आणि ब्लाउजवरून ऐकू नकोस. सिस्टरना बोलव, पडदा ओढ.

— ताई, आज ऐकू आली! लांबून बैलगाडी जावी तशी.