प्रश्नमंजूषा : प्रश्न ९ चा निकाल

सी-३०२ : सचिव महोदय, प्रश्न ९ बद्दल माझी हरकत नोंदवून घ्यावी. ‘पोहण्यात आणि वास्तुरचनेत अशी दोन्हीकडे ऑलिंपिक पदके मिळवणारा खेळाडू कोण व पदके कोणती’ याला मी ‘हंगेरीचा आल्फ्रेड हायोश, तीन सुवर्ण’ असे उत्तर दिले असताना मला शून्य गुण मिळाले आणि बक्षीस नेहमीप्रमाणे ए विंगला गेले.

सचिव : काका, ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द टाळता आला असता. १८९६ साली अथेन्सला त्याने १०० आणि १२०० मीटरच्या शर्यती जिंकल्या. परंतु १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कला स्पर्धेत त्याला व डेझो लाउबर यांना स्टेडियमच्या आराखड्याबद्दल रौप्यपदक मिळाले.

सी-३०२ : त्या वर्षी वास्तुरचनेत सुवर्ण कोणालाच दिले नव्हते, म्हणजे हायोशच पहिला.

ए-१०४ : वरचा फ्लॅट रिकामा आहे म्हणून आपला मजला गच्ची होत नाही, काका. 😄

बी-४०१ : मी स्वतः आर्किटेक्ट असल्याने राहवत नाही. हायोशचे वडील डॅन्यूब नदीत बुडाले तेव्हा हा मुलगा तेरा वर्षांचा होता. अठराव्या वर्षी, आर्किटेक्चर शिकत असतानाच, अंगाला चरबीचा जाड थर फासून तो अथेन्सच्या पिरियस बंदराजवळच्या गार समुद्रात उतरला, आणि १२०० मीटरच्या शर्यतीत जिंकण्यापेक्षा जिवंत परतण्याचीच ओढ अधिक होती, असे त्याने पुढे सांगितले. नंतर तो धावण्यात राष्ट्रीय विजेता झाला, देशाकडून फुटबॉल खेळला आणि बुडापेस्टच्या मार्गारेट बेटावर १९३० साली उघडलेला, छताखालचा जलतरण तलाव त्यानेच उभारला. गारठ्याची किंमत ठाऊक असलेल्या माणसाचे ते काम आहे, आणि आपण इथे गुण मोजत आहोत.

ए-१०४ : त्यांना आपल्या गळक्या टाकीचे काम द्यायला हवे होते.

सचिव : टाकीचा विषय सर्वसाधारण सभेत घ्यावा, ही नम्र विनंती.

सी-३०२ : पुन्हा लिहितो, सुवर्ण कोणालाच दिले नव्हते.

डी-२०१ : धातूच पाहायचा असेल तर अथेन्सला विजेत्यांना रौप्यपदक आणि ऑलिव्हची फांदी दिली गेली होती. त्या हिशेबाने काकांची तीन सुवर्णे जातातच, पण समितीचे ‘दोन सुवर्ण, एक रौप्य’ हे उत्तरसुद्धा पहिल्या क्रमांकाला सुवर्ण धरणाऱ्या नंतरच्या नोंदींवरच उभे आहे.

सचिव : खेळाडूचे नाव बरोबर असल्याने अर्धा गुण देण्यास समितीची हरकत नाही.

सी-३०२ : आभारी आहे. अर्ध्या गुणाने ए विंगशी बरोबरी होते किंवा कसे, हे कृपया फलकावर लेखी लावावे.