अनुभव धागा: कम्युनिटी कॉलेजातलं कंप्युटर सायन्स (कॅलिफोर्निया)

गराज आवरताना कॉलेजातला जुना ग्राफिंग कॅल्क्युलेटर निघाला, सेल गळून हिरवे झालेले. ते दिवस आठवले, म्हणून हा धागा. (कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं कॉलेज, तिथून पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेता येते.)

असोसिएट डिग्री ६० सेमिस्टर युनिटांची (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप), कागदावर दोन वर्षं. पण वेळ खाते गणिताची साखळी, कोडिंग नाही. कॅल्क्युलस १ शिवाय २ मिळत नाही, पुढचं गणित त्याच्यावर अडतं. पहिल्या सत्रात गणित टाळलं की शेवटी एकाच विषयासाठी अख्खं सत्र लटकायचं. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर (सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांवर) चालतात, तिथे हीच डिग्री ९० युनिटांची. कॉलेज बदलताना गुणोत्तर लक्षात ठेवा: १ क्वार्टर युनिट म्हणजे दोन तृतीयांश सेमिस्टर युनिट.

लिहा आपापलं.

कोथिंबीरवडी: असिस्ट डॉट ओआरजी (ट्रान्सफरसाठी विषय जुळवून दाखवणारी साइट) आधी उघडा!! आपलं कॉलेज, पुढची युनिव्हर्सिटी, मेजर निवडा, कुठला विषय कशाला चालतो ते समोर येतं. समोर काहीच विषय जुळलेला नसेल तर तो तिथे गेल्यावरच करायचा. आणि ट्रान्सफरची असोसिएट डिग्री म्हणजे सीएसयूमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) कुठेतरी जागा पक्की, हव्या त्या कॅम्पसला हवं ते मेजर नव्हे. यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) हमी वेगळी, ती टॅग, म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी. सहाच कॅम्पस देतात. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो नाहीत. अर्ज सप्टेंबरमध्ये, एकाच कॅम्पसला. आणि त्या कॅम्पसवर सीएसला (कंप्युटर सायन्सला) टॅग आहे का ते आधी बघा, सगळीकडे नसतो.

उनाडपक्षी: फी कोणी बोललंच नाही. रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर, बाहेरच्याला त्याच्या कितीतरी पट. सत्र सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि वर एक दिवस राहिल्याचे पुरावे लागतात: घरभाड्याचा करार, लायसन्स, टॅक्स. एच४ (नवऱ्याच्या एच१बीवर मिळणारा व्हिसा) वाल्या ताईंनो, तुम्हालाही रहिवासी दर मिळू शकतो, अ‍ॅडमिशनमध्ये थेट विचारा. पण ईएडी (काम करायची परवानगी) नसेल तर पगारी इंटर्नशिप नाही, कॅम्पसवरची नोकरीही नाही.

निळी_शाई: सी प्लस प्लसवाल्यांचा नेहमीचा घोळ. सीइननं (cin) आकडा वाचला की एंटर बफरमध्ये, म्हणजे न वाचलेल्या अक्षरांच्या साठ्यात उरतो, पुढची गेटलाइन (getline, अख्खी ओळ वाचणारी) तोच एंटर खाऊन रिकामी परत येते. मधे सीइन डॉट इग्नोर टाका. दुसरा: क्लासमध्ये new वापरून मेमरी घेतली आणि कॉपी कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्टची नक्कल करणारा कोड) लिहिला नाही, तर नक्कल केल्यावर दोन्ही ऑब्जेक्ट मेमरीच्या एकाच जागेकडे बोट दाखवतात. दोघांचे डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना चालणारा कोड) तीच जागा डिलीट करतात आणि प्रोग्राम कोसळतो, तोही सबमिशनच्या रात्री 😭 अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून कंपाइल केलं तर नेमकी ओळ दिसते.

कोथिंबीरवडी: निळी, हे सांगायला आधी कुठे होतीस गं 😂

बटाटाचिवडा: पहिल्या आठवड्यात पार्किंग मिळत नाही, अर्धा तास आधी निघा. बाकी तुमचं चालू द्या, कुकरची शिट्टी झाली.

उनाडपक्षी: वेटलिस्टवर असलात तरी पहिल्या दिवशी वर्गात हजर राहा. न आलेल्यांना प्राध्यापक काढतात, मग अ‍ॅड कोड (वर्गात नाव घालायचा आकडा) मिळतो. आणि झेपत नसेल तर विषय मुदतीत सोडा. त्यानंतर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) बसतो, आणि एक विषय डब्ल्यू धरून तीनदाच घेता येतो.

बटाटाचिवडा: डब्ल्यू एकच असला तर चालतो ना पण?

उनाडपक्षी: एकानं काही होत नाही हो. कुकर बघा.