मदत हवी आहे: आजीच्या ओव्यांच्या रेकॉर्डिंगमधली खरखर वेव्हलेटने जात नाही

गोदाकाठची: आजीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर आहेत. त्यातला तीन मिनिटांचा तुकडा साफ करायचाय. रविवारी वर्षश्राद्ध आहे, तेव्हा ऐकवायचाय. पायथॉनची पायवेव्हलेट्स लायब्ररी घेतली, डीबी४ नावाच्या वेव्हलेटने आवाज पाच लेव्हलमध्ये (बारीक ते जाड आवाजाच्या पट्ट्यांत) फोडला आणि सॉफ्ट थ्रेशोल्ड लावला, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा लहान आकडे शून्य, बाकीचे तेवढ्याने कमी. काडीचा फरक नाही! थ्रेशोल्ड दहापट केला तर खरखर गेली, पण 'सासर'चं 'आआर' झालं. काय चुकतंय? लवकर सांगा.

सिग्नलवाला: सिग्मा, म्हणजे खरखर किती मोठी याचा अंदाज, कशावरून काढला? सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने? फाईल आली कुठून?

द्राक्षबाग: वेव्हलेट जुनं झालं हो. डीप लर्निंग वापरा. मी निफाडला द्राक्षाच्या पानांवरचा डावणी रोग मोबाईलच्या फोटोवरून ओळखतो.

सिग्नलवाला: भाऊ, तिच्याकडे एकच आजी आहे. ट्रेनिंग कशावर करणार?

द्राक्षबाग: तयार मॉडेलं मिळतात. चिडता कशाला?

जुना_मास्तर: वेव्हलेटला मराठीत 'तरंगिका' म्हणावे. गणिती हार यांची पहिली तरंगिका १९०९ची, डीबी४ ज्यांच्या नावाने आहे त्या डोबेशी यांच्या १९८८च्या. फोटोसाठी मात्र डीबी४ नको. जेपेग २००० या फोटो फॉरमॅटमध्ये ९/७ फिल्टर आहे, तो घ्यावा.

गोदाकाठची: सर, फोटो नाहीये, आवाज आहे 🙏 सिग्मा म्हणजे सगळ्यात बारीक लेव्हलच्या आकड्यांचा, अधिक-उणे चिन्ह सोडून, मीडियन (मधला आकडा) भागिले ०.६७४५, ट्युटोरियलमध्ये होतं तसंच. रेट ४४१००. मामाने मोबाईलवर व्हॉइस नोट पाठवली होती, ती मी वेव्ह (.wav) फाईल करून घेतली.

सिग्नलवाला: हे आधी सांगायचं ना! व्हॉइस नोटमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी आधीच कापलेल्या असतात. ४४१००ला पहिली लेव्हल म्हणजे साधारण ११ ते २२ किलोहर्ट्झ. तिथे तुमच्या फाईलमध्ये शुकशुकाट. म्हणून मीडियन जवळपास शून्य, सिग्माही जवळपास शून्य, थ्रेशोल्डही तसाच. खरखर खालच्या लेव्हलमध्ये बसलीय आणि तुम्ही मोजताय रिकाम्या खोलीत. दहापट केलं की तो आकडा सगळ्या लेव्हलना सरसकट लागतो. 'स' आणि 'श' मुळातच खरखरीसारखे, तेही त्यात कापले जातात.
फाईल १६०००वर आणा. आजी गायला लागण्याआधीचे दोन सेकंद घ्या, प्रत्येक लेव्हलचा सिग्मा तिथून वेगळा काढा. आणि तीन मिनिटं एकदम देऊ नका. थ्रेशोल्ड काढताना सिग्माला रूट दोन लॉग एनने (एन म्हणजे एकूण नमुने) गुणता ना? ४४१००ला एन जातो ७९ लाखांवर, थ्रेशोल्ड ५.६ सिग्मा. बोलण्यासाठी फार होतो. अडीच-तीन सिग्मावर कानाने ठरवा.

कॅसेटवाला: कोडिंग नंतर. डेकचं हेड स्पिरिटने पुसलं होतं का? मोबाईल स्पीकरसमोर धरला असेल तर देवही वाचवणार नाही. लाइन आऊटमधून वायर लावा.

सिग्नलवाला: हे बरोबर. मागे 'घूंऽऽ' येत असेल तर ती वीजेची ५० हर्ट्झ, ती थ्रेशोल्डने जात नाही. नेमकी तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा नॉच फिल्टर लावा.

गोदाकाठची: १६०००वर आणून केलं. 'सासर' ऐकू येतंय!! खरखर निम्मी उरलीय, पण 'श' अजून बोबडा. कॅसेट मामाकडे सिन्नरला आहे, शनिवारी आणते. डेक कुणाकडे आहे का, नाशिकरोडच्या आसपास?

कॅसेटवाला: माझ्याकडे आहे, पण बेल्ट सैल झालाय. ओव्या जरा खालच्या सुरात येतील.

जुना_मास्तर: ओव्या कोणत्या भागातल्या?

द्राक्षबाग: मॉडेलची लिंक देऊ का?